मगरिबनंतरचा एक तास : नशेतून बाहेर आलेल्यांना संगणक का आणि कसा शिकवावा?

उपचार केंद्रातून माणूस घरी येतो तेव्हा पहिले आठ-दहा दिवस घरात ईदसारखे असतात. अम्मी त्याच्या आवडीचं शिजवते, मुलं त्याच्या भोवती भोवती राहतात, मोहल्ल्यातले दोन बुजुर्ग येऊन खांद्यावर हात ठेवून जातात. मग येणंजाणं कमी होतं. सगळे आपापल्या कामाला लागतात. मगरिबची नमाज झाली, अंधार पडला, की तोच माणूस ओट्यावर एकटा बसलेला दिसतो. कितीतरी वर्षं याच वेळी त्याचे पाय ठरलेल्या ठिकाणी वळत होते. दारू सुटली, पण तो रिकामा तास रोज येतोच.

आज आम्ही त्या एका तासाबद्दल बोलणार आहोत. बुलडाणा जिल्ह्यातल्या आपल्या गावांत, मोहल्ल्यांत तो तास चांगल्या कामाने कसा भरता येईल, याचा एक साधा मार्ग म्हणजे संगणकाचं प्राथमिक शिक्षण. ऐकायला विचित्र वाटेल. ज्याचं घर उद्ध्वस्त होता होता वाचलं, त्याला माऊस आणि कीबोर्ड काय कामाचा? पण थोडं थांबून वाचा.

आपल्या घरात असं काही नाही, असं म्हणणं सोपं आहे

दारू आपल्याकडे हराम आहे. त्यामुळे आपल्या घरांत हा आजार कमी आहे असं नाही, तो जास्त लपवला जातो. शेजारी घरातल्या बापाच्या दारूवर लोक मोकळेपणी बोलतात; आपल्याकडे मात्र "तब्येत बरी नाही" इतकंच सांगितलं जातं. मुलीचं लग्न ठरायचंय, जमातीत नाव आहे, म्हणून गोष्ट दाबली जाते. त्यात दोन-चार वर्षं निघून जातात आणि उपचार उशिरा सुरू होतात.

देशाचे आकडे पाहिले तर हे एकट्या कोणाचं दुखणं नाही हे कळतं. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या जवळपास पावणेसहा कोटी लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती जास्त बोचणारी. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कसला ना कसला उपचार मिळाल्याचं दिसलं.

म्हणजे जो माणूस उपचार घेऊन घरी आला, तो ३८ मधला एक आहे. इतक्या लांबून परत आलेल्या माणसाला आपण पुढच्या सहा महिन्यांत सांभाळलं नाही, तर सगळी मेहनत पाण्यात जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या म्हणण्यानुसार उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोकांचा पाय पुन्हा घसरतो. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांतही आजार उलटण्याचं प्रमाण साधारण असंच असतं. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून आपण अब्बांना घराबाहेर काढत नाही, गोळी बदलून आणतो. इथेही तेच धोरण हवं.

आपल्या जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. मनाच्या आजाराने बेजार झालेल्या माणसांना घेऊन दूरदूरची कुटुंबं तिथे येतात. दुआ करावी, जरूर करावी. पण दवा सोडून फक्त दुआ, असं करू नये. विशेषतः रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून पहिली पायरी दवाखान्याची. संगणकाचा वर्ग त्यानंतरचा.

मुक्तांगणने काय दाखवून दिलं

महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटलं की पुण्याच्या मुक्तांगणचं नाव येतं. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केलं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचा त्यामागे आधार होता. त्या वर्षांत 'गर्द' म्हणजे ब्राऊन शुगरने मुंबई-पुण्याची पोरं गिळायला सुरुवात केली होती. अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि लिहून न थांबता केंद्र उभं राहिलं.

तिथला निवासी उपचार साधारण ३५ दिवसांचा. औषधं आहेत, समुपदेशन आहे, पण त्याचबरोबर दिवस बांधून दिलेला असतो. ठरलेल्या वेळी उठायचं, व्यायाम, वाटून घेतलेलं काम, गटात बसून बोलणं. जे स्वतः त्या वाटेने बाहेर पडले, त्यांतलेच कित्येक पुढे तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. व्यसनी माणसाच्या बायकोसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, कारण आजारी एक असला तरी भाजून निघालेलं सगळं घर असतं. केंद्रातून गेल्यावरही पाठपुरावा चालू राहतो.

यातून आपण तीन गोष्टी घ्यायच्या. दिवसाला वेळापत्रक हवं. हाताला काम हवं. आणि माणसाला वाटलं पाहिजे की आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत. केंद्रात ३५ दिवस या तिन्ही गोष्टी मिळतात. मेहकर, नांदुरा किंवा जळगाव जामोदच्या घरी परत आल्यावर त्या कोण देणार? तिथेच आपल्या या वर्गाचं काम सुरू होतं.

दूरचा एक प्रयोग

नशेतून बाहेर पडणाऱ्यांना खास संगणकाचं कामच शिकवण्याचा एक प्रयोग अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झाला. तो बराच गाजला. केनेथ सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरॉईन-कोकेनच्या विळख्यात असलेल्या, बेकार, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या ४० महिला निवडल्या. सगळ्यांना नेहमीचा उपचार मिळत होता. त्यातल्या निम्म्या महिलांना त्याशिवाय रोज तीन तास एका कार्यशाळेत बोलावलं जाई. तिथे टायपिंग आणि डेटा एन्ट्री शिकवत. शिकण्याचा मोबदला मिळे. अट एकच : आत येण्याआधी तपासणीत नशा केलेली नाही असं दिसलं पाहिजे.

२००१ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पहिल्या सहा महिन्यांत कार्यशाळेतल्या महिलांचे ५९ टक्के नमुने नशामुक्त निघाले, दुसऱ्या गटाचे ३३ टक्के. फरक मोठा आहे. पुढे अशाच कार्यशाळांच्या अभ्यासात दुसरी बाजूही दिसली. काम आणि मोबदला चालू असेपर्यंत फायदा टिकतो, ते बंद झालं की हळूहळू ओसरतो.

आपल्याकडे कोणी मोबदला देणार नाही आणि दारात तपासणीही आम्हाला योग्य वाटत नाही. मोहल्ल्यात त्याची चर्चा व्हायला एक दिवस पुरेसा आहे. पण धडा घेण्यासारखा आहे. माणसाला रोज जायला जागा असेल, तिथे त्याची वाट पाहणारं कोणी असेल आणि हातून काही होताना दिसत असेल, तर तो सावरतो. आणि हे महिन्याभरात गुंडाळून चालत नाही.

संगणकच का?

कोणी म्हणेल, शिवणकाम शिकवा, वेल्डिंग शिकवा. तेही चांगलं आहे. ज्याच्या हातात आधीपासून कारागिरी आहे त्याने ती सोडू नये. पण संगणकाचे काही फायदे वेगळे आहेत.

पहिला, जागेचा आणि वेळेचा. बरेच जण ड्रायव्हर, हमाल, मिस्त्री, गॅरेजवाले असतात. कामाच्या ठिकाणीच जुने सोबती भेटतात, आणि संध्याकाळी हिशोब झाला की बैठक बसते. संगणकाचा वर्ग नेमका त्याच वेळी, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या लोकांत घेता येतो. मगरिब ते इशा हा तास त्यासाठी सोन्यासारखा आहे.

दुसरा, चूक दुरुस्त करता येते. व्यसनातून आलेल्या माणसाला स्वतःवर अजिबात भरवसा नसतो. दहा वर्षं त्याने फक्त "तुझ्याकडून काही होणार नाही" हेच ऐकलेलं असतं. इथे अक्षर चुकलं तर खोडता येतं, काही उडालं तर कंट्रोल आणि झेड दाबून परत आणता येतं. काल तीन ओळी टाईप झाल्या, आज पाच झाल्या. हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, कोणी शाबासकी द्यायची गरज पडत नाही.

तिसरा फायदा आम्हाला सर्वात मोठा वाटतो. आज प्रत्येक घराला संगणक जाणणारा माणूस लागतो. सोयाबीन-कापसाच्या शेतकऱ्याला सातबारा काढायचा असतो, ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेली ई-पीक पाहणी करायची असते. मजुराला ई-श्रम कार्ड लागतं. मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनकार्डात नाव, आधारची दुरुस्ती, मलकापूर किंवा शेगावहून रेल्वेचं तिकीट, हजचा अर्ज, सगळं ऑनलाइन. जून २०२५ मध्ये वक्फ मालमत्तांसाठी 'उमीद' पोर्टल सुरू झालं आणि मस्जिदी-कब्रस्तानांचे जुने कागद स्कॅन करून माहिती भरायची वेळ आली, तेव्हा हे काम येणाऱ्या माणसाची किंमत कमिट्यांना चांगलीच कळली असेल.

आता विचार करा. ज्या माणसाच्या हातात घरचे पन्नास रुपये द्यायला बायको घाबरत होती, तोच माणूस अम्मीच्या पेन्शनचा अर्ज स्वतः भरून देतो. मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद अपलोड करतो. घरचे महत्त्वाचे कागद त्याच्या हातात येतात. गमावलेला भरवसा भाषण देऊन परत मिळत नाही, अशा लहान लहान कामांतून मिळतो.

शिकवण्याआधी त्याची अवस्था समजून घ्या

शिकवणारा बहुतेक वेळा मोहल्ल्यातलाच, एमएस-सीआयटी झालेला मुलगा किंवा मुलगी असेल. एमएस-सीआयटी २००१ पासून महाराष्ट्रात घरोघर पोहोचलं आहे, त्यामुळे असा शिक्षक शोधायला लांब जावं लागत नाही. पण कॉलेजच्या पोरांना शिकवणं आणि इथे शिकवणं यात फरक आहे.

दारू सुटल्यावर सुरुवातीच्या काळात हात थरथरतात. झोप नीट लागत नाही. लक्ष दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. काल सांगितलेलं आज आठवत नाही. दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी झालेलं असतं, त्याचाही स्मरणशक्तीवर परिणाम होतो. बऱ्याच जणांची स्थिती पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारत जाते. म्हणून शिक्षकाने "कालच तर सांगितलं होतं" हे वाक्य तोंडातून काढू नये.

काही युक्त्या फार उपयोगी पडतात. थरथरत्या हाताला डबल क्लिक जमत नाही. अशा वेळी माऊसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करून ठेवा, किंवा एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवा. माऊसचा बाण मोठा करा. अक्षरं मोठी करा. एका तासाचे तीन तुकडे पाडा : वीस मिनिटं नवं, मध्ये चहा, मग कालचं पुन्हा. रोज एकच नवी गोष्ट. आणि प्रत्येकाकडे एक वही असावी, त्यात त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत पायऱ्या लिहाव्यात. विसरला तर शिक्षकाला न विचारता वही उघडता येते, कमीपणा वाटत नाही.

लिपीचा प्रश्नही आपल्याकडे खास आहे. आपल्यातले कित्येक जण उर्दू माध्यमात शिकले, मराठी वाचतात पण हळू. कित्येकांची शाळा चौथी-पाचवीत सुटली. त्यांना पहिल्याच दिवशी इंग्रजी अक्षरांसमोर बसवलं तर दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत. ज्याला जी लिपी येते तिथून सुरू करा. संगणकात मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड फुकट चालू करता येतात. मराठीच्या इन्स्क्रिप्ट पद्धतीत डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं असतात, त्यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही. ज्याला लिहायलाच अवघड जातं, त्याने आधी बोलून टाईप करावं. मराठीत बोललेलं पडद्यावर उमटतं, आणि आपलं नाव पहिल्यांदा पडद्यावर पाहून साठीचा चाचाही हसतो.

वीस तासांचा वर्ग

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केलं होतं. १४ ते ६० वयाच्या, प्रत्येक कुटुंबातल्या एका माणसाला २० तासांत प्राथमिक गोष्टी शिकवायच्या, अशी ती योजना. मार्च २०२४ अखेर ती संपली. योजना संपली तरी तिचा आराखडा वापरायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. आठवड्याला पाच दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे धरले की बरोबर वीस तास होतात.

पहिल्या आठवड्यात यंत्राची ओळख. चालू-बंद करणं, माऊस धरणं, आपलं नाव, घरातल्यांची नावं, गावाचं नाव टाईप करणं, ते साठवणं आणि दुसऱ्या दिवशी शोधून काढणं. साठवलेलं दुसऱ्या दिवशी सापडलं, यातच पहिल्या आठवड्याचं यश आहे.

दुसऱ्या आठवड्यात एक साधा अर्ज लिहायचा. ग्रामपंचायतीला नळाबद्दल, शाळेला दाखल्याबद्दल. मग घरखर्चाचा तक्ता. दूध, किराणा, वीज, शाळेची फी. खाली बेरीज आपोआप येते. हा तक्ता फक्त संगणकाचा धडा नाही. पूर्वी पैसे कुठे जात होते आणि आता कुठे जातात हे त्याला स्वतःलाच दिसतं. मात्र जुन्या दारूच्या खर्चाचा हिशोब कोणी त्याच्याकडून मुद्दाम मागू नये. त्याला वाटलं तर तो मांडेल.

तिसऱ्या आठवड्यात इंटरनेट. माहिती शोधणं, सरकारी संकेतस्थळ खरं की खोटं हे पत्त्यावरून ओळखणं, ई-मेल, डिजिलॉकर. चौथ्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या घरचं एक खरं काम पूर्ण करायचं. कोणी सातबारा काढेल, कोणी तिकिटाची चौकशी करेल, कोणी पोराचा अर्ज भरेल. छापलेला कागद घरी न्यायचा आणि घरच्यांच्या हातात द्यायचा. आमच्या मते हाच त्याचा दाखला.

वीस तास झाले म्हणजे संपलं नाही. बाल्टिमोरचा धडा लक्षात ठेवा. पुढेही आठवड्यातून दोन दिवस तरी येणं चालू राहिलं पाहिजे. ज्यांना जमेल त्यांनी एमएस-सीआयटीला नाव घालावं. बाकीच्यांनी नव्या आलेल्यांच्या शेजारी बसून त्यांना मदत करावी. मुक्तांगणात बरा झालेला माणूस दुसऱ्याचा हात धरतो, तसंच हे.

वर्गाला नाव काय द्यायचं?

हा प्रश्न लहान वाटतो पण वर्ग टिकतो की बंद पडतो हे यावर ठरतं. "नशामुक्तांसाठी संगणक वर्ग" अशी पाटी लावली तर पहिल्या दिवसापासून कोणी येणार नाही. आलाच तर त्याच्या मुलांना शाळेत चिडवतील. म्हणून आमचं म्हणणं असं, की वर्ग सगळ्या मोठ्यांसाठी खुला असावा. किराणा दुकानदार, रिक्षावाले, मदरशाचे उस्ताद, निवृत्त शिक्षक, सगळे. त्यात दोन-तीन जण उपचार घेऊन आलेले. कोण कुठून आलं हे फक्त शिक्षकाला आणि एका जबाबदार बुजुर्गाला माहीत असावं, तेही त्या माणसाने स्वतः सांगितलं तर. सात-आठ जणांपेक्षा मोठा वर्ग नको.

महिलांसाठी वेगळी वेळ ठेवा, असर आधीची. नशा फक्त पुरुषच करतात असं नाही. मिश्री, गुटखा, झोपेच्या गोळ्या यांत अडकलेल्या बायका आपल्याकडेही आहेत. आणि ज्यांचे नवरे या आजारात होते, त्या भाभींना तर हे शिकणं फार गरजेचं आहे. बँकेचा हिशोब त्यांनाही कळला पाहिजे.

कोणी दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन या. बोलणं एवढंच : "भाई, तुमची खुर्ची रिकामी आहे." पिऊन आला, तर त्या दिवशी वर्गात बसवू नका, पण अपमान करून हाकलूही नका. चहा द्या, घरी पोहोचवा, उद्या या म्हणा. त्याच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटायला सांगा. एकदा पाय घसरला म्हणून दार बंद केलं, तर तो सरळ जुन्या दाराशी जाईल.

फोनपासून सावध

आता धोक्याबद्दल. वर्ग संगणकावर घ्या, फोनवर नको, असं आम्ही मुद्दाम सांगतो. फोनमध्ये जुन्या मित्रांचे नंबर आहेत, एका बोटाने पैसे जातात आणि रात्री एकटं असताना तो हातातच असतो. दारू सुटल्यावर काही जण ऑनलाइन जुगाराकडे वळतात. कार्ड, सट्टा, क्रिकेटवर पैसे लावणं. एक नशा सुटते आणि दुसरी तिच्या जागी येऊन बसते. जुगाराच्या व्यसनालाही वैद्यकशास्त्र आता आजारच मानतं. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तरी चोरवाटा शोधणारे शोधतात. म्हणून वर्गात याबद्दल स्पष्ट बोला.

ऑनलाइन पैसे पाठवायला शिकवायचं असेल तर ते सर्वात शेवटी शिकवा. त्यासाठी घरच्यांच्या संमतीने थोडक्या पैशांचं वेगळं खातं ठेवा. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, अनोळखी लिंक उघडायची नाही आणि फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करायचा, हे प्रत्येकाला पाठ असलं पाहिजे. कर्जात बुडालेल्या माणसाला झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचा मोह लवकर पडतो, हेही सांगून ठेवा.

याने काय होणार नाही

खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. वीस तासांत कोणाला नोकरी लागत नाही. संगणक शिकल्याने व्यसन बरं होत नाही. औषधं, समुपदेशन, गटातलं बोलणं हे चालूच राहिलं पाहिजे. हा वर्ग त्या उपचाराच्या शेजारी उभा राहणारा आधार आहे. तो उपचाराची जागा घेऊ शकत नाही. घरच्यांनीही "एवढं शिकवलं, तरी पुन्हा प्यायला" असा हिशोब मांडू नये.

मदत कुठे मिळेल, हेही सांगतो. नशामुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. मनाच्या त्रासाबद्दल बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, ती सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मानसोपचाराबद्दल विचारायला लाजू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारा मनाचा त्रास मानसिक आजारात धरला आहे. म्हणजे उपचार मिळणं हा त्या माणसाचा हक्क आहे.

जमातीला एक विनंती

यासाठी मोठा निधी लागत नाही. मस्जिदीच्या मकतबची एक खोली, उर्दू शाळेची संध्याकाळी बंद असलेली संगणक लॅब किंवा एखाद्या सेवा केंद्रवाल्याचं दुकान पुरतं. चार जुने संगणक, वीज गेली तर एक इन्व्हर्टर, चहाचा खर्च. दान देणारे आपल्याकडे कमी नाहीत. कोणाच्या ऑफिसात पडून असलेला संगणक, कोणाचा आठवड्यातला एक तास, हेही दानच.

आपण जुम्म्याच्या बयानात नशेच्या विरोधात ऐकतो, माना डोलावतो. ते ऐकलंच पाहिजे. पण जो माणूस नशा सोडून आपल्या सफेत येऊन उभा राहिला आहे, त्याला नमाजनंतर आपण कुठे पाठवतो, याचाही विचार झाला पाहिजे. तुमच्या मोहल्ल्यात असा कोणी असेल तर येत्या आठवड्यात त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. नशेचा विषय काढू नका. एवढंच विचारा, "भाई, माझा एक अर्ज भरायचाय. चला, दोघं मिळून शिकू या का?"